पथकाने चालायचे असते

राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने ३० ऑगस्ट २०२४ रोजी गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथकांची सदस्यसंख्या तीसवर आणणारा आदेश दिला. अवघ्या पंधरवड्यात, १२ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने त्या मर्यादेला स्थगिती दिली. ढोल-ताशा हे पुण्याचे हृदय आहे, तो वाजू द्या, अशा आशयाचे उद्गार खुद्द सरन्यायाधीशांनी काढले आणि पथकांच्या गोटात विजयोत्सव साजरा झाला. तो आनंद अनाठायी नव्हता. तीस माणसांत ध्वज, टोल, झांजा आणि ताशे वजा केले तर ढोल उरतात किती? उत्सवाशी ज्यांचा संबंध तक्रारीपुरताच येतो, त्यांच्या अर्जावरून उत्सवाचे स्वरूप ठरू लागले, तर समाजाने अस्वस्थ व्हायलाच हवे.

परंतु या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. वाजवणारे किती, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले. आवाज किती, यावरही झाले. पथक चालते का, हा प्रश्न ना विरोधकांना सुचला, ना समर्थकांना. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पथकात जो मूलभूत पालट झाला, तो संख्येचा किंवा आवाजाचा नाही. चालणारे पथक उभे राहिले, हा तो पालट होय. संख्या, आवाज, वेळ, वाद हे सगळे त्याच्यामागून आले.

शब्दापासूनच पाहू. मराठेशाहीत पथक म्हणजे घोडेस्वारांची तुकडी. तिचा नायक तो पथक्या. मोहिमेवर कूच करण्यासाठी पथक पोसले जाई, चौकात शोभेला उभे करण्यासाठी नव्हे. वाद्यपथकालाही हा शब्द लागला तो याच अर्थाने. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल आला मुळशी-मावळाच्या वाटेने. त्या डोंगराळ भागातील गावोगावचे ढोल-लेझीम संघ हे भात लावून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्यांचे संघ. ढोल कमरेला बांधायचा, एका पानावर टिपरू आणि दुसऱ्यावर थापी, समोर लेझमीची दुहेरी रांग, आणि पावलागणिक पुढे सरकणारी ती सारी फळी. लेझीम हा तर मुळातच पायांचा खेळ; तिचा झंकार हाताने निघतो, पण घाव पायाबरोबर पडतो. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने ही ग्रामीण वाद्ये शहरी, शिकत्या मुलांच्या हाती दिली आणि ढोलाच्या जोडीला बर्ची आणली. पुढे रमणबाग, नूमवि, गरवारे अशा शाळांच्या नावाने पथके उभी राहिली. घरात तबल्याखेरीज दुसरे चर्मवाद्य न पाहिलेली मुले मैदानावर घाम गाळू लागली. मध्यमवर्गीय घरांना त्यातील वादनकौशल्याचे फारसे अप्रूप नव्हते. मुलगा वेळेवर सरावाला जातो, रांगेत उभा राहतो, मोठ्याचे ऐकतो आणि परत येताना दोन नवे मित्र घेऊन येतो, याचे अप्रूप होते. जात, आळी, वडिलांचा हुद्दा यांपैकी काहीही त्या रांगेत विचारले जात नसे. ज्याला संघटनशास्त्रात समरसता म्हणतात, ती तेथे भाषणाविना घडत होती.

आता या चालण्याचा वादनाशी संबंध काय, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण अनेकांना तो केवळ शिस्तीचा मुद्दा वाटतो. तो संगीताचाही मुद्दा आहे. चालता चालता वाजवणाऱ्या पथकाची लय पावले ठरवतात. आठ-दहा किलोंचा ढोल कमरेला घेऊन माणूस विशिष्ट गतीपलीकडे पाऊल टाकू शकत नाही, म्हणून ठेकाही त्या गतीपलीकडे जात नाही. ताशाची तर्री कितीही दाट झाली तरी तिच्याखाली ढोलाचा घाव पावलाला बांधलेला राहतो. त्यातून ठेक्यात एक भारदस्तपणा येतो, दोन घावांमध्ये मोकळी जागा राहते, आणि त्या जागेतच टोलाचा नाद ऐकू येतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आजीबाईंना पथक दुरून ऐकू यायचे, समोर यायचे आणि मग दूर जायचे. कानाला विसावा मिळायचा. पथक थांबले की हे सारे संपते. पाय मोकळे झाले की हात धावू लागतात. ठेका चढत जातो, मोकळी जागा भरून जाते, आणि शंभर ढोलांचा एकच सलग गडगडाट उरतो. त्याच चौकात, त्याच इमारतींच्या भिंतींवर आदळत, अर्धा अर्धा तास. तिथे राहणाऱ्या रुग्णाला किंवा तान्ह्या मुलाच्या आईला तो आवाज दूर जाताना कधी ऐकूच येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना संकोच वाटतो. थांबलेले पथक रिंगण धरते, आणि रिंगण धरले की निम्म्या वादकांची पाठ देवाकडे होते. ज्याच्यापुढे वाजवायचे तो मागे रथात ताटकळतो, आणि वादन होते ते समोरच्या कॅमेऱ्यासाठी.

हे घडले कसे? कोणा एकाच्या दुष्टाव्याने नव्हे. प्रथम पान बदलले. चामड्याचे पान भाद्रपदातल्या सरींनी उतरे. मग दोर ओढून, ताणून ते पुन्हा चढवावे लागे आणि ते करता करता वादकाला आपल्या वाद्याची नाडी कळत असे. फायबरच्या पानाला पावसाची पर्वा नाही. सोय झाली, आवाज मात्र टोकदार झाला आणि खर्जाचा घुमारा हरवला. मग संख्या वाढली. चाळीस ढोलांच्या पथकासमोर साठांचे आले, साठांसमोर शंभरांचे. अरुंद लक्ष्मी रस्त्यावर शंभर ढोल चालवायचे तर रांग लांबते, मागच्याला पुढच्याचा ताशा ऐकू येत नाही, ताल फाटतो. उपाय एकच: थांबा, जवळ या, गोल करा. म्हणजे संख्येने चालणे मारले. त्यानंतर सुपारीचा व्यवहार आला. मंडळ पैसे मोजते ते चौकातल्या 'खेळा'साठी. पथक नुसतेच वाजवत पुढे गेले तर पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही. आणि शेवटी आला हातातला मोबाइल. चालत्या पथकाचे चित्रण नीट होत नाही; उभ्या पथकाचे होते.

परिणाम सर्वांसमोर आहे. मंडईतील लोकमान्यांच्या पुतळ्यापासून अलका चौकापर्यंतचे अंतर जेमतेम दोन किलोमीटर. २०२२ आणि २०२५ या दोन्ही वर्षी पुण्याची मिरवणूक तीस तासांच्या पलीकडे गेली. त्याला मंडळांची संख्या, उशिरा निघण्याची चढाओढ, डॉल्बीच्या भिंती अशी इतर कारणे आहेत, हे आम्हांस मान्य आहे. पण साधा हिशेब करून पाहा. एका मंडळापुढे तीन पथके, प्रत्येकाने वाटेतल्या सहा चौकांत फक्त दहा-दहा मिनिटे खेळ केला, तरी त्या एका मंडळाचे तीन तास केवळ थांबण्यात जातात, आणि त्याच्यामागची मंडळे तेवढा वेळ खोळंबतात. ज्या पोलीस शिपायाने अनंत चतुर्दशीच्या सकाळी बंदोबस्ताला उभे राहायचे, त्याने दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत उभेच राहायचे. तोही हिंदूच आहे, त्याच्याही घरी गणपती आहे, याचे भान पथकाच्या ढोलाला असते का?

येथे स्मरणरंजनाच्या आहारी गेलेल्या ज्येष्ठांनाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे त्यांचे पालुपद अर्धेच खरे आहे. त्यांच्या वेळी ढोलाच्या रांगेत मुली जवळजवळ नव्हत्या. आज ढोल, ताशा, ध्वज या तिन्ही जागी शेकड्यांनी मुली उभ्या आहेत. नऊवारी सावरून आठ किलोंचा ढोल पेलणारी अभियंता तरुणी ही या काळाची कमाई आहे, आणि ती गमावून जुने काही परत आणायचे असेल तर ते न आलेले बरे. पथकांच्या मानधनातून वस्त्यांवर, अनाथाश्रमांत चालणारी कामेही खोटी नाहीत. तेव्हा जुने ते सोने म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. बदलले काय यापेक्षा सुटले काय, हे तपासले पाहिजे.

अशी तपासणी न केल्याने काय होते, याचा एक नमुना परदेशात पाहायला मिळतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी तिथल्या अनेक शहरांत ढोल-ताशा पथके उभी केली आहेत आणि त्यांचे कौतुक आपण करतोच. पण त्याच देशात ढोल-बिगुलाच्या पथकांची स्वतःची शंभर वर्षांची परंपरा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. 'ड्रम अँड ब्यूगल कोअर' हे तिचे नाव. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ साली 'अमेरिकन लीजन' ही संघटना काढली; तिच्या गावोगावच्या शाखांनी युद्धातले बिगुल आणि नगारे हाती घेऊन पथके बांधली. १९२१ पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. हळूहळू चर्च, बालवीर संघ आणि सैनिकांच्या शाखा यांच्या आश्रयाने मुलांची पथके निघाली. गावाचे पथक, गावाचा गणवेश, राष्ट्रीय दिनाला गावाच्या रस्त्यावर संचलन. स्पर्धेत मैदानाच्या एका रेषेवरून निघायचे आणि दुसऱ्या रेषेवरून बाहेर पडायचे. राष्ट्रध्वज आणि त्याचे रक्षक पथकाबरोबर. चूक दिसली की परीक्षक एक दशांश गुण कापत असे. मळलेला बूटसुद्धा त्यातून सुटत नसे.

१९७२ साली पथकांनी लीजनच्या छत्राबाहेर पडून स्वतःची स्पर्धासंस्था सुरू केली आणि मग वेगाने पालट झाले. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी मोठे नगारे आणि झायलोफोनसारखी वाद्ये अंगावरून उतरली व मैदानाच्या कडेला जमिनीवर ठेवली जाऊ लागली. १९८४ साली चुकीमागे गुण कापण्याची पद्धत गेली. साध्या बिगुलाला एक, मग दोन, मग तीन कळा लागल्या आणि २००० सालापासून तो 'जी' स्वरातच असावा हे बंधनही उठले. म्हणजे ज्या वाद्यावरून पथकाला नाव पडले ते वाद्यच गेले. २००४ मध्ये ध्वनिवर्धक आले, २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्ये. आज त्यांचा जो मैदानी प्रयोग होतो तो वादनाच्या दृष्टीने अफाट आहे, यात शंका नाही. जुन्या पथकांना ते स्वप्नातही जमले नसते. पण त्या प्रयोगासाठी मुलाला एका उन्हाळ्याचे हजारो डॉलर भरावे लागतात, आणि सत्तरच्या दशकात शेकड्यांनी मोजली जाणारी पथके आता काही डझनांवर आली आहेत. गावच्या रस्त्यावरून चालणे हे त्यांचे मुख्य काम उरलेले नाही. जुने सदस्य हळहळतात ते बिगुलाच्या स्वरासाठी. गेले मात्र गावाचे पथक. एक गोष्ट तरी त्यांनी शहाणपणाची केली. पथकात कमाल किती जण असावेत, हे त्यांनी स्वतः ठरवले. एके काळी ही मर्यादा १२८ होती, पुढे वाढत दीडशेच्या पलीकडे गेली. पण ती संस्थेच्या नियमाने, न्यायालयाच्या फटकाऱ्याने नव्हे. आपल्याकडे हा आकडा ठरवायला लवाद लागला. स्थगिती मिळाली म्हणून हा कमीपणा झाकला जात नाही.

बदल म्हणजे ऱ्हासच, असे मात्र या उदाहरणावरून कोणी समजू नये. याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या घरातच आहे. संघाच्या घोषाला १९२७ साली नागपुरात प्रारंभ झाला तेव्हा हाती आलेली वाद्ये लष्करी छावणीतली होती आणि वाजणाऱ्या धुनाही छावणीतल्याच. पुढे सगळे बदलले. बिगुलाचा शंख झाला, साइड ड्रमचा आनक, बेस ड्रमचा पणव, बासरीची वंशी. गीतेच्या पहिल्या अध्यायातली रणवाद्यांची नावे पुन्हा तरुणांच्या तोंडी आली. इंग्रजी धुनांच्या जागी भारतीय रागांवर बांधलेल्या रचना आल्या. हा बदल अमेरिकेतल्या बदलापेक्षा लहान आहे का? मुळीच नाही. तरीही घोष ओळखू येतो, कारण त्याने एक गोष्ट सोडली नाही: घोष पथसंचलनासाठी असतो. तो चालतो, आणि त्याच्यामागे इतरांची पावले एका तालात पडतात. घोषदंड उंचावला की थांबायचे, खाली आला की निघायचे.

चालत वाजवण्याची याहून जुनी पाठशाळा तर महाराष्ट्राच्या रक्तातच आहे. आळंदीहून पंढरीला निघालेली दिंडी दिवसांमागून दिवस टाळ-मृदंगाच्या गजरात चालते. रिंगण तिथेही होते; पण त्याच्या जागा ठरलेल्या आहेत, वेळ ठरलेली आहे, आणि रिंगण झाले की पालखी पुढे निघते. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की हजारो टाळ एका क्षणात शांत होतात. तिथे डेसिबल मोजणारे यंत्र कोणी आणलेले नसते. आमच्या पथकांच्या ताशेवाल्याला, ध्वजधाऱ्याला हा चोपदाराचा अधिकार उरला आहे का? उरला असेल तर तो मंडळाच्या अध्यक्षापुढे, सुपारीपुढे आणि कॅमेऱ्यापुढे चालतो का?

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले असे की, 'डॉल्बीपेक्षा पथक बरे'. खरे आहे. पण ज्याने पथकाची थोरवी जाणली आहे, त्याने त्याची तुलना लोखंडी भिंतीवर रचलेल्या कर्ण्यांशी करावी, यासारखा पथकाचा अपमान नाही. ज्या प्रभात, दरबार, न्यू गंधर्व यांसारख्या ब्रास बँडनी वर्षानुवर्षे चालत, सुरात वाजवून पुण्याची मिरवणूक सजवली, त्यांच्याशी तुलना करा. मग कळेल की उभ्या गडगडाटात आपण काय बुडवले. दुसरे उत्तर असे की, निर्बंध आठवतात ते हिंदूंच्याच सणांच्या तोंडावर. या तक्रारीत तथ्य आहे आणि ती या पानांतून वेळोवेळी मांडली गेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. ते वर्षाचे ३६५ दिवस आणि सर्वांसाठी सारखे पाळले जावेत, हा आग्रह धरायलाच हवा. परंतु हा आग्रह धरणाऱ्याचे स्वतःचे अंगण झाडलेले असावे लागते. रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयाच्या दारात ढोल बडवणाऱ्याला समान न्यायाची भाषा शोभत नाही. आणि त्याच्यामुळे ती भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाचे तोंड बंद होते, हे त्याच्या गावीही नसते.

जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने गणेशोत्सवाला महाराष्ट्राचा राज्योत्सव म्हणून घोषित केले. म्हणजे आता पथकांचा गौरव सरकारदरबारीही होणार. अशा वेळी मर्यादा बाहेरून लादली जाण्याची वाट पाहण्यापेक्षा पथकांनी ती स्वतः घालून घ्यावी. सहा-सहांच्या रांगेत चालत, ताल न फाटता जेवढे ढोल वाजू शकतील तेवढेच ढोल. हा आकडा कोणत्याही लवादाला ठाऊक नाही, तो फक्त रस्त्यालाच ठाऊक आहे. संपूर्ण मार्गावर थांबण्याच्या जागा दोनच, आणि त्या आधी जाहीर केलेल्या. रुग्णालयासमोर टिपरू खाली. मंडळांनीही सुपारी देताना खेळाची मिनिटे मोजण्याऐवजी पथक किती वेळात मार्ग पार करते, हे विचारावे; जे मंडळ वेळेवर घाटावर पोचेल त्याचा सत्कार करायला व्यापारी आणि नागरिक दोघेही पुढे येतील.

आणि याची सुरुवात सरावापासूनच व्हायला हवी. आषाढ सरता सरता नदीपात्रात, पुलांखाली सराव सुरू होतात. ते सगळे उभ्याने होतात. नवा मुलगा दोन महिने एकाच जागी उभा राहून ठेके शिकतो आणि अनंत चतुर्दशीला त्याला प्रथमच चालायला सांगितले जाते. मग त्याचा ठेका चुकतो, आणि पथकप्रमुख ओरडतो, 'थांबा, गोल करा!' यंदा प्रत्येक पथकाने आपल्या नव्या वादकांना पहिल्या पंधरवड्यात ढोलच देऊ नये. नुसते टाळ्यांवर चालवावे. मग टिपरू हातात, मग ढोल कमरेला, आणि भाद्रपद लागण्यापूर्वी एका रविवारी सकाळी सारे पथक न थांबता दोन किलोमीटर वाजवत न्यावे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी झांज घ्यावी, ध्वज घ्यावा, पाण्याची गाडी सांभाळावी. कामाला तोटा नाही.